शब्दसाहसखेळ : अंधांचे मार्गशोधन व नकाशालेखन

संगणकाने शब्दांत वर्णिलेल्या काल्पनिक स्थळांतून लेखी आज्ञा देत वाट काढण्याच्या खेळास शब्दसाहसखेळ म्हणतात. त्यात चित्रे नसतात. ‘उत्तरेस जा’, ‘दिवा घे’ अशा अर्थाची छोटी वाक्ये खेळाडू बहुधा इंग्रजीत टंकित करतो आणि त्यांचा परिणाम संगणक मजकुराच्या रूपाने कळवितो. हा मजकूर स्क्रीन रीडर ही आज्ञावली मोठ्याने वाचून दाखविते किंवा ब्रेल पट्टीवर उमटविते [→ ब्रेल लिपी]. त्यामुळे दृष्टिहीन व्यक्तीस दुसऱ्याच्या मदतीवाचून खेळता येण्यासारख्या संगणकीय खेळांत यांचे स्थान जुने व महत्त्वाचे आहे. डोळस खेळाडूशी होणारी ही बरोबरी मात्र वर्णनापुरतीच असते. डोळस खेळाडू वाचता वाचता कागदावर चौकटी व रेषा काढीत जातो. अंध नवशिक्यास ते साधन उपलब्ध नसते आणि कानांवरून गेलेले वर्णन विरून जाते. कोडे सुटत नाही म्हणून नव्हे, तर आपण कोठे आहोत हेच कळेनासे झाल्याने खेळ सोडून देण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते.

या प्रकारातील आद्य खेळ ‘अ‍ॅडव्हेंचर’ (दुसरे नाव ‘कलॉसल केव्ह’) हा विल क्राउदर यांनी १९७५-७६ च्या सुमारास पीडीपी-१० या संगणकासाठी फोर्ट्रान भाषेत रचला. क्राउदर हे व्यवसायाने आज्ञावलीकार व आवडीने गुहासंशोधक होते. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील मॅमथ गुहासंहतीच्या सर्वेक्षणात त्यांचा व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांचा सहभाग होता. फ्लिंट रिज व मॅमथ या गुहा एकमेकींस जोडलेल्या आहेत, हे १९७२ मध्ये ज्या तुकडीने सिद्ध केले तीत पॅट्रिशिया होत्या. खेळातील गुहा याच संहतीच्या बेडक्विल्ट भागावर बेतलेली आहे. पुढे १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी खेळाचा विस्तार केला. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. गुहेतील अंधारात सर्वेक्षक एका ठाण्यापासून पुढील ठाण्यापर्यंतचे अंतर, होकायंत्राने दाखविलेली दिशा व चढउतार ओळीने टिपून घेतो. त्यांवरून नकाशा मागाहून तयार होतो. अशा नोंदींवरून क्राउदर यांनी संगणकाकरवी गुहेचे रेखानकाशे काढून घेतले होते. अंध खेळाडूस उपयोगी पडते ती हीच ठाणेवार नोंदवही होय.

शब्दसाहसखेळाचा भूगोल म्हणजे स्थळे व त्यांना जोडणाऱ्या वाटा एवढाच असतो. अंतर हे परिमाण त्यात बहुधा नसते. अरुंद बोळ असो वा विस्तीर्ण अरण्य, एका आज्ञेने एक स्थळ ओलांडले जाते. म्हणून प्रदेशाचा आकार डोळ्यांपुढे आणण्याची आवश्यकता नसते. साध्या मजकूर-फाइलीत प्रत्येक स्थळासाठी एक ओळ राखावी; तीत स्थळाचे नाव, वर्णनात सांगितलेल्या दिशा, प्रत्येक दिशा कोठे पोहोचविते आणि तेथे असलेल्या वस्तू यांची नोंद करावी. न तपासलेल्या दिशेपुढे प्रश्नचिन्ह घालावे. पुढे फाइलीत प्रश्नचिन्ह शोधले की राहिलेल्या वाटा आपोआप हाती येतात. कागदी नकाशात ही सोय नाही. नोंदी मराठीत ठेवण्यास अडचण नसते. एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरसह मिळणारा वाणीसंश्लेषक देवनागरी मजकूरही वाचतो.

गेलेली दिशा उलटी केली की पूर्वस्थळी परत येता येते, हे गृहीत धरणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९७७–७९ या काळात तयार झालेल्या ‘झॉर्क’ या खेळाचा पहिला भाग इन्फोकॉम कंपनीने १९८० मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा आरंभ एका पांढऱ्या घराच्या पश्चिमेस होतो. तेथून उत्तरेस गेल्यास खेळाडू घराच्या उत्तर बाजूस येतो. पण तेथून दक्षिणेस वळल्यास फळ्या ठोकून बंद केलेल्या खिडक्या आडव्या येतात. परतीची वाट पश्चिमेकडून आहे. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चार आज्ञांनी घरास प्रदक्षिणा घालून आरंभस्थळी येता येते, आणि ही प्रदक्षिणा नवशिक्यास उत्तम पहिला पाठ ठरते. नोंदवहीत ती अशी दिसेल : ‘घराची पश्चिम – उ. : घराची उत्तर, द. : घराची दक्षिण, पू. : दार बंद, प. : अरण्य’. प्रत्येक वाट जाताना व येताना स्वतंत्रपणे तपासावी, हा नियम यातून निघतो.

चक्रव्यूहात हा नियमही अपुरा पडतो. ‘अ‍ॅडव्हेंचर’मधील एका चक्रव्यूहातील स्थळांची वर्णने अगदी सारखी आहेत. तेथे प्रत्येक स्थळी एकेक वेगळी वस्तू टाकून जावे व वस्तूच्या नावाने स्थळ ओळखावे, हा रूढ उपाय होय. तो डोळस व अंध दोघांनाही सारखाच उपयोगी आहे. ‘झॉर्क’मध्ये मात्र भटकणारा चोर अशा वस्तू उचलतो किंवा हलवितो, त्यामुळे खुणेवर पूर्ण विसंबता येत नाही. ‘अ‍ॅडव्हेंचर’मधील दुसऱ्या चक्रव्यूहात वर्णने भिन्न आहेत, पण तो भेद त्याच त्या चार-दोन शब्दांच्या मांडणीत आहे. डोळ्यांस तो दिसतो, वेगाने वाचणाऱ्या कृत्रिम आवाजात तो कानांतून निसटतो. अशा वेळी वाचनाचा वेग कमी करावा व ओळ शब्दशः ऐकावी. ब्रेल पट्टी असल्यास काम पुष्कळच सुकर होते.

इतर अडचणी किरकोळ असल्या तरी त्रासदायक असतात. पडद्याच्या वरच्या कडेस स्थळाचे नाव दाखविणारी ओळ काही स्क्रीन रीडर मुळीच वाचत नाहीत, तर काही प्रत्येक आज्ञेनंतर वाचतात. ‘बियाँड झॉर्क’ (१९८७) या खेळात पडद्यावरच नकाशा दिलेला आहे; अक्षरचिन्हांनी रेखाटलेले असे नकाशे वाणीतून निरर्थक ठरतात. परतताना स्थळाचे केवळ नाव न सांगता पूर्ण वर्णन द्यावे, यासाठी ‘व्हर्बोस’ ही आज्ञा आरंभीच द्यावी. खेळाचा सर्व मजकूर फाइलीत उतरविणारी ‘स्क्रिप्ट’ ही आज्ञा अंध खेळाडूस विशेष मोलाची आहे, कारण ऐकताना सुटलेले त्यात पुन्हा शोधता येते. बुचाच्या फळ्यावर टाचण्या व दोरा लावून स्पर्शगम्य नकाशाही करता येतो. मात्र वर-खाली जाणाऱ्या वाटा वाढू लागल्या की तो गुंतागुंतीचा होतो.

या सवयीचा प्रत्यक्ष चालण्यास कितपत उपयोग होतो, हा प्रश्न वेगळा आहे. सीगल व व्हाइट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार स्थलज्ञान खुणा, मार्ग व समग्र आराखडा अशा क्रमाने विकसित होते. नोंदवही ठेवणारा खेळाडू मार्गाकडून आराखड्याकडे जातो, असे म्हणता येईल. मेरॅबेट, सांचेझ व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, खऱ्या इमारतीची ध्वनिमय प्रतिकृती खेळाच्या रूपाने हाताळलेल्या अंध व्यक्तींना त्या इमारतीत वाट काढता आली, असे आढळले. परंतु त्या खेळात आवाजाच्या दिशा व पावले होती. शब्दसाहसखेळात डावे-उजवे नसते, खेळाडूचे तोंड कोणत्या बाजूस आहे यालाही बहुधा अर्थ नसतो. पांढरी काठी घेऊन रस्त्याने चालणाऱ्यास तर प्रत्येक वळणावर तेच आधी ठरवावे लागते.