वादळ टेक्सासचे, भाव राजारामपुरीत

कच्चे तेल उतरले, मग पेट्रोल का चढले? टेम्पोचे भाडे वाढले की राजारामपुरीतील दुकानदार बांधवांचा हा सवाल ठरलेला. सवाल रास्त आहे. त्याचे उत्तर 2017 सालच्या एका वादळात सापडते.

25 ऑगस्ट 2017 च्या रात्री हार्वे हे चक्रीवादळ अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्यापेक्षा पावसाने नुकसान अधिक केले. त्या पट्ट्यात अमेरिकेच्या मोठमोठ्या रिफायनऱ्या आहेत. पोर्ट आर्थरची, रोज सहा लाख पिंपे तेल शुद्ध करणारी रिफायनरीही थांबली. रिफायनरी म्हणजे बटण दाबले की चालणारा पंखा नव्हे. वीज, वाफ, थंड पाणी सगळे जमवून ती पुन्हा सुरू करायला दिवसच्या दिवस जातात. कच्चे तेल घ्यायला गिऱ्हाईक उरले नाही, म्हणून ते उतरले. पेट्रोल तयार होईना, म्हणून ते कडाडले. गावची गिरणी बंद पडली की ज्वारी पडून राहते आणि पीठ महागते, तसेच हे.

आपल्या देशात रिफायनऱ्या भरपूर, तयार मालाची निर्यातही होते. मग आपल्याला झळ का? कारण आपल्या तेल कंपन्या दर ठरवताना तयार पेट्रोल-डिझेलचा जागतिक बाजारभाव धरतात, आणि 16 जून 2017 पासून दर रोज बदलू लागले होते. सप्टेंबरमध्ये मुंबईत पेट्रोल 79 रुपयांवर गेले, तेव्हा पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी अमेरिकेतील वादळांकडे बोट दाखवले. आमच्या मते ते कारण खरे, पण अर्धेच. नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात केंद्राने अबकारी कर नऊ वेळा वाढवला होता. त्यातले दोन रुपये 4 ऑक्टोबर 2017 रोजी कमी केले. वादळ तर केव्हाच ओसरले होते!

वादळ आपल्याही किनाऱ्यावर येते. जून 1998 मध्ये कांडला बंदर उद्ध्वस्त झाले. मे 2021 मध्ये तौक्तेने मुंबई हायजवळ पी-305 हा तराफा बुडवला, कित्येक कामगार गेले.

कोल्हापूरकरांनी मात्र ऑगस्ट 2019 च्या महापुरात निराळाच अनुभव घेतला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, टँकर अडकले. पंपावरच्या फलकावर दर होता, टाकीत तेल नव्हते. जे होते ते बचावकार्याच्या गाड्यांसाठी राखले गेले. हुपरीची चांदी असो की चपलांचे गठ्ठे, माल जागच्या जागी.

तेव्हा पावसाळ्यातल्या ऑर्डरीचा भाव देताना वाहतुकीचा खर्च बिलात वेगळा दाखवा, आणि रस्ता बंद पडल्यास मुदत वाढेल असे कागदावर लिहून घ्या. दुकानात पेट्रोलचे कॅन भरून ठेवण्याचा उद्योग कोणी करू नये. तो कायद्यात बसत नाही, आणि एका ठिणगीत दुकानासकट शेजाऱ्याचेही घर जाते.