बदलीच्या गावाशी ओळख : भुवनेश्वर

राष्ट्रीयीकृत बँकेतील अधिकाऱ्याच्या घरी महाराष्ट्राबाहेरील बदलीचा आदेश येतो, तेव्हा तीन प्रश्न लागोपाठ उभे राहतात : मुलांची शाळा, घरभाडे आणि परतीची गाडी. भुवनेश्वरच्या बाबतीत तिसऱ्याचे उत्तर तयार असते. मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे जाणारी कोणार्क एक्सप्रेस दीड दिवसाहून अधिक वेळ घेते, पण थेट तेथेच नेऊन सोडते. मात्र हे उत्तर सोपे असणेच पुष्कळदा नडते. सर्वांचे डोळे परतीच्या तारखेकडे लागतात, सामानाची निम्मी खोकी बांधलेलीच राहतात आणि गोडा मसाला संपला की नवे गाव बेचव वाटू लागते.

अधिकाऱ्याचा दिवस शाखेत सरतो. ग्राहकांशी बोलता बोलता तो चार शब्द शिकतो. खरा वनवास घरी राहणाऱ्या जोडीदाराच्या वाट्याला येतो. ओळख नाही, भाषा नाही आणि संध्याकाळ लवकर होते, कारण देशाच्या पूर्वेकडे सूर्य मुंबईच्या आधी मावळतो. वेळेपूर्वी परत बदली मिळावी म्हणून केलेल्या अनेक अर्जांचे मूळ कारण अर्जात लिहिलेले नसते. ते या रिकाम्या संध्याकाळींत असते.

भुवनेश्वरशी ओळख कानांपासून सुरू करणे सोयीचे. हिंदीत नसलेला ‘ळ’ ओडियात आहे, ही मराठी माणसाला सुखावणारी पहिली गोष्ट. मावशीला तेथे ‘माउसी’ म्हणतात आणि आईच्या वडिलांना ‘अजा’. ‘आई’ हा शब्दही आहे; पण तो आईच्या आईसाठी. शेजारचे मूल पांढऱ्या केसांच्या आजीला ‘आई’ म्हणून हाक मारताना ऐकले की क्षणभर गोंधळ होतो. त्या गोंधळातूनच पुष्कळदा शेजारणीशी पहिले संभाषण घडते.

दुसरी वाट अर्थातच स्वयंपाकघरातून जाते. ‘युनिट-1’च्या हाटात गेल्यास कच्ची केळी, कच्ची पपई, लाल भोपळा आणि वांगी यांचे ढीग दिसतात. हे सारे डाळीत शिजवले, वर भाजलेल्या जिऱ्या-मिरचीची पूड आणि खोबरे घातले की ‘दालमा’ तयार होतो. ओडिया फोडणीत जिरे व मोहरी यांच्या जोडीला मेथी, बडीशेप आणि कलौंजी असते. तिचे नाव ‘पंचफुटण’. उन्हाळ्यात पाण्यात भिजवून किंचित आंबवलेला भात, म्हणजे ‘पखाळ’, जेवणात असतो. सोबत तळलेली पालेभाजी, मासा आणि लसूण-मिरची घालून कुटलेले सांडगे, म्हणजे ‘बडी चुरा’. पहिल्या घासाला नाक मुरडणारी माणसे मे महिन्यात दुसऱ्यांदा वाढून घेतात. 20 मार्च हा दिवस तर तेथे ‘पखाळ दिवस’ म्हणूनच साजरा होतो.

मार्गशीर्षाच्या सुमारास येणाऱ्या प्रथमाष्टमीला घरातील थोरल्या अपत्याला ओवाळतात आणि ‘एंडुरी पिठा’ करतात. तांदूळ व उडदाच्या पिठात खोबऱ्याचे किंवा छेन्याचे गोड सारण भरून ते हळदीच्या पानात वाफवलेले असते. झाकण उघडताच येणारा सुगंध कोकणातील माणसाला नागपंचमीच्या पातोळ्यांची आठवण करून देतो. अशा दिवशी शेजारून आलेली ताटली रिकामी परत करू नये; पुरणपोळी ठेवून परत करावी.

बाहेर खायचे झाल्यास बिंदुसागर तलावाकाठचे तेराव्या शतकातील अनंत वासुदेव मंदिर आवर्जून गाठावे. तेथे मातीच्या भांड्यांत शिजलेला महाप्रसाद विकत मिळतो आणि केळीच्या पानावर वाढला जातो. कांदा-लसूण त्यात नसतोच. कोणत्याही झगमगत्या उपाहारगृहापेक्षा हे जेवण सरस आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कटकची ‘दहीबरा-आळूदम’ ही न्याहारी मात्र तिखटाची सवय असणाऱ्यांसाठीच : पातळ दह्यात मुरलेल्या वड्यांवर चक्क बटाट्याची रस्साभाजी! गोडात ‘छेनापोड’ हवा. साखर-रवा घातलेला छेना सालाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर भाजतात आणि करपलेली कड सर्वांत आधी संपते.

पाय मोकळे करण्यासाठी रविवारची सकाळ धौलीला द्यावी. दया नदीजवळच्या या टेकडीवर खडकातून बाहेर येणारा हत्ती कोरलेला असून खाली सम्राट अशोकाचे आदेश आहेत. कलिंग युद्धातील संहाराचे वर्णन करणारा तेरावा आदेश येथे मुद्दाम गाळलेला दिसतो. त्याऐवजी तोसलीच्या अधिकाऱ्यांना उद्देशून स्वतंत्र आदेश कोरले आहेत. मत्सर, क्रोध, उतावीळपणा आणि आळस टाळून न्यायाने वागा, असे त्यांत बजावले आहे. शिवाय दर पाच वर्षांनी अधिकारी दौऱ्यावर पाठवला जाईल. उज्जैनहून मात्र तीन वर्षांच्या आतच, अशीही तरतूद आहे. तपासणीची वाट पाहणाऱ्या शाखाधिकाऱ्यास हा शिलालेख जरा जास्तच जवळचा वाटेल.

मराठ्यांचा येथील संबंध फार जुना नाही. 1751 ते 1803 या काळात ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि कोणार्कचा अरुणस्तंभ त्याच काळात पुरीच्या जगन्नाथ मंदिरासमोर आणून उभारला गेला.

पुरीच्या वाटेवर, भार्गवी नदीजवळ रघुराजपूर आहे. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र यांचे हे जन्मगाव. येथे बहुतेक घरांत पट्टचित्रे रंगवली जातात. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांना चिकटवायचे, वर खडूच्या भुकटीचा लेप द्यायचा आणि दगडाने घासून गुळगुळीत करायचे. हे झाले की कुंचला हाती घ्यायचा. पांढरा रंग शंखापासून, काळा काजळीपासून, तांबडा हिंगुळापासून. स्नानपौर्णिमेनंतर जगन्नाथाच्या मूर्ती पंधरा दिवस दर्शनास नसतात, तेव्हा मंदिरात पट्टचित्रांचीच पूजा होते. म्हणून ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. खरेदीची घाई न करता ओसरीवर बसावे. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने रेघ ओढून तिच्यात काजळी चोळताच ती कशी उमटते, हे मुलांनी एकदा पाहिले की सुटीत त्यांना दुसरीकडे जायचेच नसते.

हिवाळ्यात चिलिका सरोवराच्या उत्तर काठावरील मंगळाजोडी गाठावे. ते शहरापासून सुमारे 70 किलोमीटरवर आहे. बांबूने ढकलल्या जाणाऱ्या होडीतून स्थलांतरित पक्षी अगदी जवळून दिसतात. एकेकाळी येथे पक्ष्यांची शिकार होत असे. पुढे त्याच शिकाऱ्यांपैकी अनेकांनी राखणदारीचे काम पत्करले. पक्षी कुठे उतरतील, हे त्यांच्याइतके कोण जाणणार?

आणि कार्तिक पौर्णिमा चुकवू नये. जुन्या काळी साधव, म्हणजे ओडिया व्यापारी, याच सुमारास जावा-बालीकडे गलबते हाकारीत. त्यांच्या स्मरणार्थ त्या पहाटे बिंदुसागरात केळीच्या सोपटाच्या आणि कागदाच्या होड्या दिवा लावून सोडतात. आदल्या रात्री घरोघरी होड्या करण्याची धांदल असते; शेजाऱ्यांकडे नुसते विचारले तरी एखादी जास्तीची हाती येते. गजर मात्र चारचा लावावा लागतो, कारण सूर्य वर आला की घाट रिकामा होऊ लागतो.