वाक्य सुबक, पण विज्ञान?

चॅटजीपीटीसारखी साधने २०२२च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आली. आपला निबंध त्यांना दिला की काही सेकंदांत तो सुधारून मिळतो. हे घडते कसे? अफाट मजकुरावरून या प्रणालीने कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे टिपलेले असते. त्यामुळे अशुद्ध शब्द, तुटक वाक्ये ती चटकन हेरते. पण त्याच कारणाने आपले वाक्य नेहमीच्या वळणावर ओढले जाण्याचाही धोका असतो.

समजा, विद्यार्थ्याने लिहिले, 'समुद्रसपाटीला पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते.' 'वाक्य आटोपशीर करा' म्हटल्यावर 'समुद्रसपाटीला' आणि 'सुमारे' हे शब्द गळू शकतात. वाक्य सुबक होते. विज्ञान मात्र बिघडते. कारण सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते.

म्हणून 'लेख सुधारून द्या' असे न सांगता 'चुका दाखवा, कारणे सांगा, वाक्ये बदलू नका' असे सांगावे. मिळालेली कारणेही व्याकरणाच्या पुस्तकाशी ताडून पाहावीत. तीही चुकीची असू शकतात. कोणता शब्द ठेवायचा हे मात्र लिहिणाऱ्यानेच ठरवावे. काय म्हणायचे आहे, हे त्यालाच ठाऊक असते.