दोन प्रदेश एक झाले, मग आपल्या पंचायतीचे काय?



२६ जानेवारी २०२० रोजी दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश मिळून एक झाले. गाड्यांवरच्या पाट्यांत ‘डीएन’ जाऊन ‘डीडी’ आले, मुख्यालय दमणला गेले. तेव्हापासून एक शंका पुष्कळांच्या मनात आहे: आता आपली पंचायतही कशाततरी मिसळून जाणार काय? या शंकेत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, म्हणून ती थोडी सोडवून सांगतो.

२०२० साली एक झाली ती वरची कचेरी. दोन्ही प्रदेशांचा प्रशासक आधीही एकच होता, पण सचिवालये दोन आणि खातीही दोन-दोन. हा दुहेरी खर्च वाचावा म्हणून संसदेने २०१९ साली कायदा केला. लोकसभेच्या जागा पूर्वीप्रमाणे दोनच राहिल्या, उच्च न्यायालय मुंबईचेच राहिले. खालच्या संस्थांना या कायद्याने हात लावला नाही. आपली जिल्हा पंचायत वेगळी, दमणची वेगळी, आणि ग्रामपंचायती आपापल्या जागी. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तीन पायऱ्या आहेत. आपल्याकडे दोनच, कारण वीस लाखांहून कमी वस्तीच्या प्रदेशाला मधली पायरी गाळण्याची मुभा राज्यघटनेने दिली आहे. (एकाच पायरीचा कारभार आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले, आणि ११ ऑगस्ट १९६१ ला आपण भारतात सामील होईपर्यंत या साऱ्या मुलखाचा कारभार वरिष्ठ पंचायत नावाच्या एका मंडळाने पाहिला.)

शेतकऱ्याने लक्ष ठेवायचे ते दुसऱ्या प्रकारच्या एकत्रीकरणावर. यात खालच्याच संस्था मोडून एक मोठी संस्था होते. त्याचा जवळचा दाखला वसईचा. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची पन्नासाहून अधिक गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. त्या गावांत आपल्यासारखेच केळी, भाजीपाला, फुले आणि पानवेल पिकवणारे बागायतदार होते, त्यांत ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ. गावे वगळा म्हणून मोठे आंदोलन झाले. २०११ साली सरकारने २९ गावे बाहेर काढण्याचा आदेश काढला, पण प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे अडकले. अखेर २०२४ साली सरकारने ती गावे महापालिकेतच ठेवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे पंधरा वर्षे त्या गावांना आपण गाव की शहर हेच धड ठरवता आले नाही.

विरोध नुसत्या नावासाठी नव्हता. महापालिका आली की ग्रामपंचायत जाते आणि जिल्हा परिषदेशी असलेला संबंधही तुटतो. त्याबरोबर जाते ती ग्रामसभा. ग्रामसभेत मतदारयादीतला कोणीही उभा राहून विहिरीचा, रस्त्याचा, गुरचरणाचा हिशेब विचारू शकतो. महापालिकेच्या सभेत नगरसेवक बोलतात. आपण फार तर अर्ज देऊ शकतो. ग्रामीण भागासाठीच्या रोजगार आणि घरकुल योजना शहरात लागू नसतात. घरपट्टी शहराच्या नियमाने आकारली जाते. गोठा आणि शेणाचा उकिरडा यांवरही शहराचे आरोग्य नियम येऊ शकतात. शिवाय विकास आराखड्यात आपली वाडी कोणत्या रंगात रंगवली, यावर पुढच्या पिढीचे सारे अवलंबून.

मोठ्या संस्थेचे फायदे मात्र नाकारता येत नाहीत. अग्निशमनाचा बंब, सांडपाण्याची गटारे, लांबच्या धरणातून नळाचे पाणी ही लहान पंचायतीच्या ऐपतीबाहेरची कामे आहेत. वसई-विरारला सूर्या धरणाचे पाणी मिळते. एकट्या गावाला ते आणणे जमले नसते. पण पाण्यासाठी ग्रामसभा द्यावीच लागते, असे आम्हाला वाटत नाही. त्याच २००९ साली एप्रिलमध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात परगण्याचे एक आणि तालुक्यांसारखी सहा अशी सात मंडळे मोडून एकच मंडळ केले गेले. तिथली गावपातळीवरची लहान मंडळे मात्र राखली. त्या मंडळांना ‘पॅरिश कौन्सिल’ म्हणतात. नाव आपल्या ओळखीचे आहे, कारण मुळात चर्चच्या पॅरिशवरूनच ते आले. आज त्यांचा कारभार चर्चपासून वेगळा आहे. मधल्या पायऱ्या काढल्या तरी तळची पायरी ठेवता येते, हे त्यावरून दिसते.

आपल्याकडे हे इतक्या मोठ्या प्रमाणात झालेले नाही, पण सुरुवात जुनी आहे. २००१ च्या जनगणनेत सिल्वासाची लोकवस्ती २१,८९३ होती. पुढे नगर परिषद झाली, आमलीसारखा शेजार तिच्या हद्दीत आला, आणि २०११ ला आकडा ९८,२६५ झाला. ही वाढ नुसत्या माणसांची नव्हे, हद्दीचीही आहे. कारखाने आणि चाळी ज्या रस्त्यांनी बाहेर सरकतात, त्याच रस्त्यांनी हद्दही सरकते. खानवेल, दुधनीच्या डोंगराकडच्यांना आज याची झळ नाही. सिल्वाशाच्या लगतच्या गावांनी मात्र सावध असावे.

हद्द बदलायची तर सरकारला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची तरतूद आहे. अशी हरकत मुदतीत आणि लेखी द्यावी, पोच घ्यावी. नुसते सह्यांचे निवेदन देऊन भागत नाही. आपल्या गावात शेतजमीन किती, बागायत किती, विहिरी किती, शेतीवर जगणारी घरे किती, हे आकड्यांनी लिहावे. आधी ग्रामसभेचा ठराव करून त्याची नक्कल जोडली तर उत्तम, कारण ग्रामसभा आहे तोवरच तिचा ठराव होऊ शकतो. अधिसूचनेत हद्दीचे वर्णन बहुधा सर्व्हे नंबरांनी केलेले असते. गावाचे नाव दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये. जमिनीचा उतारा हाती घेऊन एकेक नंबर जुळवून पाहावा. उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल तर वारसनोंद मामलतदार कचेरीत आताच करून घ्यावी, म्हणजे हरकत देताना जमीन कोणाची हा वाद निघणार नाही.