आराकानचे भंते, नागपूरची दीक्षा

आजी दर अशोक विजयादशमीला पांढरं लुगडं नेसून नागपूरच्या दीक्षाभूमीवर जायची. १४ ऑक्टोबर १९५६ला ती तिथेच होती, कडेवर माझे बाबा. "आधी म्हाताऱ्या भंतेंनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईंना त्रिशरण-पंचशील दिलं, मग बाबासाहेबांनी आम्हाला," ती सांगायची. ते भंते कुठले, हे मी तिला कधी विचारलंच नाही. आजी गेल्यावर शोधायला लागले.

महास्थवीर चंद्रमणी. जन्म ब्रह्मदेशातल्या आराकानचा आणि मुक्काम कुशीनगरला. बुद्धांचं महापरिनिर्वाण झालं त्या गावी त्यांनी हयात घालवली.

भिक्षूंना देशोदेशी का फिरावं लागलं, ते विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेच्या, एका नियमात आहे. श्रामणेराची, म्हणजे नवशिक्याची, प्रव्रज्या एकटे भंते देऊ शकतात. पूर्ण भिक्षू व्हायचं तर उपसंपदा हवी, आणि ती संघच देतो. दूरच्या मुलखातही त्यासाठी निदान पाच भिक्षू लागतात. जिथे संघ उरला नाही, तिथे भिक्षू घडणार कसा? एक तर संघ बाहेरून यायचा, नाही तर माणसाने त्याच्याकडे जायचं.

राणांच्या राजवटीतल्या नेपाळात तसंच झालं. काठमांडूचे नेवार तरुण कुशीनगरला येत, चंद्रमणींच्या हातून चीवर घेत, कुणी पुढे ब्रह्मदेशात, कुणी श्रीलंकेत शिकायला जात आणि घरी परतून धम्म सांगत. आपल्याच भाषेत प्रवचनं देतात, बायकांना प्रव्रज्या देतात, म्हणून १९४४ मध्ये राणा सरकारने आठ भिक्षूंना देशाबाहेर काढलं. मला याचा आजही संताप येतो. त्याच वर्षी सारनाथला धर्मोदय सभा उभी राहिली. अध्यक्ष चंद्रमणी. दोन वर्षांनी त्यांचे शिष्य अमृतानंद श्रीलंकेच्या नारद थेरांसह काठमांडूला गेले, तेव्हा भिक्षूंना परतण्याची वाट मोकळी झाली.

नागपूरच्या दीक्षेनंतर महिन्याभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, जागतिक बौद्ध परिषद याच काठमांडूत भरली. बाबासाहेब तिथे बोलले. आजीने ज्या भंतेंना लांबून पाहिलं, त्यांचेच शिष्य तिथे यजमानांत होते.

गेल्या हिवाळ्यात कुशीनगरला गेले. निर्वाणमूर्तीपाशी ब्रह्मदेशाच्या यात्रेकरू बायका गुडघ्यांवर बसून वंदना म्हणत होत्या. त्यांच्या पालीत 'स'चा उच्चार 'थ'कडे झुकतो. माझ्या 'सरणं'शेजारी त्यांचं 'थरणं' ऐकू येत होतं. शेजारच्या आजींनी माझ्याकडे पाहिलं, थोडं सरकून चटईवर जागा केली आणि आम्ही तिन्ही शरणं सोबत म्हटली.