मेलेलं ढोर कोण खातं?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत ढोर मेलं की ते ओढून गावाबाहेर टाकायचं, हा पूर्वापार शिरस्ता. कातडं काढून नेलं जाई. उरलेलं काम गिधाडांचं. आभाळात एक ठिपका दिसे, पाहता पाहता त्याचे वीस होत आणि दिवस कलायच्या आत जागेवर नुसती हाडं उरत. या कामाला ना मजुरी होती, ना मुकादम. म्हणूनच ते थांबलं तेव्हा फार काळ कोणी विचारलंही नाही.

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारांत एक उरलं. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची गिधाडंही जवळपास ९७ टक्क्यांनी कमी झाली. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश हा ऱ्हास डोळ्यांनी पाहत होते आणि मोजतही होते. संशय पहिल्यांदा गेला तो कीटकनाशकांवर, मग एखाद्या विषाणूवर.

उत्तर सापडलं पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं उघडून पाहिली, तर मूत्रपिंडं निकामी झालेली आणि आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा, खडूसारखा थर. शिसं, कीटकनाशकं, जंतू अशा सगळ्यांच्या चाचण्या झाल्या, हाती काही लागलं नाही. मग त्यांनी प्रश्नच बदलला. गिधाड जगतं मेलेल्या गुरांवर. तर या गुरांना हल्ली असं कुठलं औषध दिलं जातं, जे मूत्रपिंडाला बाधतं आणि पोटातून अंगात भिनतं? गुरांचे डॉक्टर आणि औषध दुकानदार यांच्याकडे चौकशी केल्यावर एकच नाव पुढे आलं: डायक्लोफेनॅक. मूत्रपिंड बिघडून असा थर धरलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत ते सापडलं, आणि दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नाही. हा निष्कर्ष २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला.

डायक्लोफेनॅक हे आपल्या घरातलंच औषध. गुडघा दुखला, कंबर धरली, की आपण घेतो ती गोळी. १९९४ च्या सुमारास ते भारतात गुरांसाठी स्वस्तात मिळू लागलं. लंगडणारा बैल एका सुईत चालू लागतो, तापलेली गाय चारा खाते. शेतकऱ्याला याहून काय हवं? पण ते सुई टोचलेलं जनावर दोन-तीन दिवसांत दगावलं, तर औषध त्याच्या काळजात आणि मूत्रपिंडात शिल्लक असतं. नेमके हेच मऊ भाग गिधाडं आधी खातात.

हिशेब करून पाहू. पक्ष्याच्या दर किलो वजनामागे एक-दोन दशांश मिलिग्रॅम औषध पोटात गेलं, की निम्मी गिधाडं मरतात. गिधाड असतं साधारण पाच किलोचं. म्हणजे त्याला एक मिलिग्रॅम पुरे. माणसाच्या एका गोळीत ५० मिलिग्रॅम असतात. आणि विष सगळ्याच ढोरांत असायला हवं असंही नाही. एका मढ्यावर शंभर-शंभर पक्षी उतरतात, जोडी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाच वर्षं लागतात. या गणिताने शंभर मढ्यांत एकाहून कमी विषारी असलं तरी इतका ऱ्हास होऊ शकतो. २००४-०५ च्या पाहणीत भारतातल्या मढ्यांत हे प्रमाण दहा टक्के निघालं.

मग हे औषध बाजारात येताना कोणी तपासलं नव्हतं का? औषधाची चाचणी ज्याला ते टोचायचं त्याच्यावर होते: गाय बरी झाली का, तिला अपाय झाला का. गाय बरी झाली. गाय मेल्यावर तिला कोण खातं, हा प्रश्न कागदावरच नव्हता. तो असता, तरी त्याचं उत्तर भलत्याच पक्ष्याकडून घेतलं गेलं असतं तर फसगत होती. अमेरिकेतल्या टर्की गिधाडांना पुढे या घातक मात्रेच्या शंभर पटींहून जास्त औषध देऊन पाहिलं, त्यांना काही झालं नाही. नाव गिधाडाचंच, शरीर वेगळं. रसायनाची जोखीम त्याच्या बाटलीवर लिहिलेली नसते. ते कुठे जातं आणि कोणाच्या पोटात उतरतं, यावर ती ठरते.

या चुकीचं बिल माणसांनाच आलं. मढी सडू लागली, काही नदी-नाल्यांत गेली, भटकी कुत्री वाढली, त्यांच्याबरोबर रेबीज. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांवर सोपवले जात, तिथे पारशी समाजाला अंत्यविधीसाठी दुसरे उपाय शोधावे लागले.

सरकारने २००६ मध्ये गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक थांबवलं. पण माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या कुप्या विकल्या जातच होत्या. एवढं औषध कुठल्या माणसाला लागतं? त्या कुप्या गोठ्यातच रित्या होत होत्या. ३ मिलिलिटरची मर्यादा आली ती २०१५ मध्ये. तोवर बाजारात डायक्लोफेनॅकचे भाऊबंद आले होते. किटोप्रोफेन घातक असल्याचं २००९ मध्ये सिद्ध झालं. असेक्लोफेनॅक गाईच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं, हे २०१६ मध्ये कळलं. दोन्हींवर बंदी आली २०२३ मध्ये. निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस. प्रत्येक वेळी औषध आधी विकलं गेलं, आणि ते वाईट असल्याचा पुरावा गिधाडांनी मरून द्यायचा. आपणच असे आहोत असंही नाही: सगळं ठाऊक असताना स्पेनने २०१३ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅकला परवानगी दिली, आणि तिथेही ते गिधाडाच्या जिवावर बेतलं.

अशा वेळी गडचिरोलीच्या जंगलात उरलेली गिधाडं मोलाची ठरली. कुनघाडा, मारकबोडी अशा ठिकाणी वनखात्याने ‘गिधाड उपाहारगृहं’ उभारली. नाव ऐकून हसू येतं, काम गंभीर आहे. गावकऱ्यांकडून मेलेलं जनावर घ्यायचं, त्याला घातक औषध टोचलेलं नाही याची खात्री करायची, आणि कुंपणाच्या आत, उघड्या आभाळाखाली ते मांडून ठेवायचं. जी तपासणी औषध बाजारात येण्याआधी व्हायला हवी होती, ती इथे एकेका ढोरासाठी होते.

शेजारी चंद्रपुरात, जानेवारी २०२४ मध्ये, हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातून आणलेली पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं ताडोब्यातल्या बोटेझरीला ठेवली. पुढे पाठीवर माग काढणारं यंत्र बसवून त्यांना सोडण्यात आलं. त्यांतलं एक राज्यांच्या सीमा ओलांडत थेट तमिळनाडूत पोहोचलं. गिधाडाला जिल्हा नसतो. गडचिरोलीचं ताट स्वच्छ असून भागत नाही. वाटेतल्या प्रत्येक तालुक्याचं असावं लागतं.

हे अशक्य नाही, कारण पर्याय आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलेलं आहे, आणि गुरांच्या सुजेवर, दुखण्यावर चालतं. टोल्फेनॅमिक आम्लही त्या कसोटीला उतरलं. तेव्हा ज्यांच्या दावणीला ढोर आहे त्यांनी डॉक्टर सुई भरत असताना एवढंच विचारावं: कुपीवर नाव काय? आणि औषधाला परवाना देणाऱ्यांनी आपल्या अर्जात एक रकाना वाढवावा: हे घेतलेलं जनावर मेल्यावर त्याला कोण खाणार?