काकस्पर्शाचे कलम

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला 'मॉन्स्टर मॅन्युअल' हा ग्रंथ ज्याने उघडला असेल, त्याला व्हॅम्पायरविषयीची पाने वाचताना आपण एखादा अधिनियम वाचीत आहोत असे वाटल्यावाचून राहणार नाही. या रक्तपिपासू मृताच्या अंगी १४४ हिट पॉइंट, म्हणजे प्राणबळाचे अंक, असतात. सूर्यप्रकाशाचा किंवा वाहत्या पाण्याचा संसर्ग नसेल तर दर पाळीला त्यांतले २० भरून येतात. घरच्या माणसाने बोलाविल्याखेरीज त्याला कोणाच्याही निवासात पाऊल टाकता येत नाही. सारे हिट पॉइंट संपले की त्याचे धुके होते, आणि त्या धुक्याने दोन तासांच्या मुदतीत आपले विश्रामस्थान गाठले नाही तर त्याचा नाश होतो. तेथे असहाय पडलेला असताना त्याच्या हृदयात लाकडी खुंटी ठोकली तरी तो मरत नाही. ती खुंटी काढीपर्यंत निश्चेष्ट राहतो एवढेच. आणि ज्या मनुष्याचे रक्त पिऊन त्याने प्राण घेतले, तो मनुष्य जमिनीत पुरला गेला असेल, तर पुढल्या रात्री उठतो व आपल्या मारेकऱ्याचा ताबेदार होतो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतील एका जुन्या घराच्या माडीवर रविवारी दुपारी जमणाऱ्या काही तरुण मंडळींनी या कलमांची फेरतपासणी आरंभिली, तेव्हा एका बाजूस बसून ते काम पाहण्याची मुभा त्यांनी मला दिली. खेळ असा, की एकाने कथेचे सूत्र हाती धरावयाचे, त्याला मंडळी डीएम म्हणतात, इतरांनी एकेका पात्राची भूमिका घ्यावयाची, आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तिचा निर्णय वीस पैलूंच्या फाशावर सोपवावयाचा. येथला डीएम शिरोलीच्या एका फौंड्रीत पॅटर्न विभागात काम करणारा. खेळाडूंत एक कायद्याची विद्यार्थिनी, एक गडहिंग्लजकडचा पशुवैद्य, आणखी दोघेतिघे. मध्ये ठेवलेल्या जाड वहीचे प्रत्येक पान उभे दुभागलेले असे. डाव्या अंगास ग्रंथातील कलम उतरविलेले, आणि उजव्या अंगास त्याच्यापुढे एकच प्रश्न: हे भय कशाचे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत नव्या नियमाचा मसुदा लिहावयाचा नाही, हा त्यांचा शिरस्ता मला फार महत्त्वाचा वाटला; कारण भयकथेचे देशांतर करू पाहणारे बहुतेक लोक डावी बाजू तशीच ठेवून केवळ नावे बदलतात.

अधिकृत म्हणून जी विद्या आपल्यापुढे येते ती कोणत्या दफ्तरातून आली, हेही या मंडळींनी पाहिले होते. व्हॅम्पायरचा पहिला अधिकृत वृत्तांत कवींनी लिहिलेला नाही. तो सरकारी पंचनामा आहे. सर्बियाचा काही भाग ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली असताना १७२५ साली किसिल्येवो गावातील एका मृत शेतकऱ्याबद्दल तक्रार झाली, आणि १७३२ साली मेद्वेद्या गावी योहान फ्ल्यूकिंगर नामक लष्करी शल्यवैद्याने पुरलेली शवे उकरून, प्रत्येकाची स्थिती टिपून, सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी अहवाल धाडला. न कुजलेले देह, ओठांवरचे ताजे रक्त, वाढलेली नखे अशा ज्या खुणा त्यात नोंदविल्या गेल्या, त्या मातीखालच्या शवाच्या विघटनक्रमात स्वाभाविकपणे आढळू शकतात, हे पॉल बार्बर या अभ्यासकाने १९८८ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. पुढे १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपला राजवैद्य व्हॅन स्वीटेन याच्या अभिप्रायावरून अशा उकराउकरीस मनाई करणारे फर्मान काढले. म्हणजे ज्या दफ्तराने हे भूत नोंदविले, त्याच दफ्तराने ते खारिजही केले. मात्र तोवर ते साहित्यात शिरले होते. ब्रॅम स्टोकरचा १८९७ चा ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनच्या रस्त्यांवर फिरतो. सूर्यकिरणांनी रक्तपिपासूचा अंत होण्याची कल्पना १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून रूढ झाली. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये व्हॅम्पायर लसणीपुढे व आरशापुढे माघार घेतो. २०१४ च्या ग्रंथातील दौर्बल्यांच्या यादीत लसूण नाही. जे कलम ग्रंथकर्त्यांनी स्वतःच गाळले, ते करवीरातील खेळाडूंनी गाळावयास कोणाची हरकत असावी?

मूलगामी हरकत आली ती दफनाच्या कलमावर, आणि ती कायद्याच्या विद्यार्थिनीने घेतली. "पुरल्यावर उठतो म्हणतंय हे," ती म्हणाली, "आपल्यात पुरतंय कोण? पंचगंगेवर नेला की दुसऱ्या दिवशी नुसती राख. उठणार काय?" ज्यांनी पंचगंगेची स्मशानभूमी पाहिली आहे त्यांना या प्रश्नाचे वजन कळेल. येथे दहनासाठी मुख्यतः शेणी वापरतात, महानगरपालिका ही सोय विनामूल्य करते, आणि होळीच्या सुमारास गल्लोगल्लीची मंडळे आपल्या होळ्या लहान करून उरलेल्या शेणी स्मशानाला दान देतात. ज्या गावाने आपल्या मृतांच्या दहनाची जबाबदारी अशी सामुदायिक केली आहे, तेथे देह शिल्लकच राहत नाही. आणि देह नाही तेथे शवपेटी नाही, खुंटी ठोकावयास हृदय नाही, उकरावयास कबर नाही. यावर पशुवैद्याने शांतपणे सांगितले, की "आमच्यात पुरत्यात की. बसवून, हातात लिंग देऊन. पण गेलेला माणूस लिंगैक्य झाला म्हणत्यात. त्याला परत यायचं कारणच ऱ्हात न्हाई." शेजाऱ्यांच्या कबरस्तानातून भय उसने आणावे असे मात्र कोणी सुचविलेही नाही, याचे मला मनापासून समाधान वाटले.

मग वेताळाचे नाव निघाले, आणि लगेच मागे पडले. शिवाजी पेठेत वेताळमाळ तालीम मंडळ आहे, त्याचा फुटबॉल संघ आहे, त्याच्या विजयाच्या घोषणा या मुलांनी लहानपणापासून दिलेल्या आहेत. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा वेतोबा तर रात्री गावाची गस्त घालतो अशी श्रद्धा असून, झिजलेल्या जोड्याऐवजी त्याला भक्त नवीन प्रचंड चामडी चपला वाहतात. असा रक्षक देव केवळ प्रेतांशी संबंध आहे म्हणून रक्तपिपाशाच्या जागी बसविणे हा त्याच्यावर अन्याय झाला असता. नावापुरते देशांतर काय करते याचा दाखला खेळाच्याच इतिहासात आहे: १९७५ मध्ये या खेळात जो 'राक्षस' आला, तो रामायणातून आलेला नसून एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या भागावरून बेतलेला होता, आणि मंत्रविलेल्या बाणाने मरणारा, पुढे वाघाचे मुंडके व उलटे पंजे लाभलेला तो प्राणी आजतागायत आपल्या पुराणांच्या नावावर वावरत आहे.

वाहत्या पाण्याचे कलम थोडक्यात निकालात निघाले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमातून जिचे पाणी येते त्या नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला पाणी हे पिशाचाच्या वाटेतील अडसर वाटत नाही. डोहात साती आसरांचे वास्तव्य आहे हे त्याने आजीकडून ऐकलेले असते. लसणीचेही तसेच. अमृत चोरणाऱ्या असुराच्या कंठातून सांडलेल्या थेंबांपासून ती उपजली अशी आपल्याकडे प्राचीन कथा आहे. तिला असुर कशाला भिईल? उंबऱ्याचे कलम तेवढे सर्वांनी एकमताने कायम ठेवले.

प्रश्न उरला तो एवढाच, की देह नसलेला मृत परत येतो तो कशाच्या आधाराने, आणि त्याला थांबवावयाचे कसे. उत्तर पशुवैद्याच्या शेजारी बसलेल्या एका अबोल मुलाकडून आले, ज्याच्या आजोबांचे कार्य नुकतेच झाले होते. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला मांडलेला नैवेद्य असो वा दहाव्याचा पिंड, त्याला कावळा शिवेपर्यंत माणसे दूर सरून उभी राहतात, हे दृश्य महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? कावळा फांदीवर असतो, खाली उतरतो, पिंडाभोवती फिरतो आणि शिवत नाही. मग कोणी वडीलधारा पुढे होऊन मोठ्याने बोलतो: धाकटीचे लग्न आम्ही करू, म्हातारीला अंतर देणार नाही, भावाचा दावा मागे घेऊ. उन्हात तिष्ठत असलेले कुटुंब त्या वेळी मृताच्या इच्छांची जणू जाहीर चौकशी करीत असते. जे घरात वर्षानुवर्षे कोणी उच्चारले नाही, ते घाटावर साऱ्या सोयऱ्यांसमक्ष उच्चारले जाते. आणि काहीच लागू पडले नाही तर दर्भाचा कावळा करून विधी पुरा करतात. युरोपातील खेडुताला भय होते देह न कुजण्याचे. आपल्याकडचे भय इच्छा न शमण्याचे आहे. वहीच्या उजव्या बाजूला हे वाक्य लिहिले गेले, आणि मग पुढली सारी कलमे भराभर लिहून झाली.

त्यांनी ठरविले ते असे. परतणाऱ्या मृताला देह नाही, त्याच्या इच्छेचे अधिष्ठान असलेली एक वस्तू आहे, आणि तीच त्याचे विश्रामस्थान. शस्त्राने तो विखुरतो, पण धुके होऊन तिच्याकडे परततो. रक्ताऐवजी तो माणसाचे बळ घेतो; मूळ ग्रंथात दंशाने कमी झालेली कमाल हिट पॉइंटांची मर्यादा दीर्घ विश्रांतीनंतर पूर्ववत होते, येथे विश्रांतीने ती भरत नाही. त्याचा अंत एकाच उपायाने होतो: त्याची खरी इच्छा ओळखून कोणीतरी ती पुरी करण्याचे वचन उघडपणे द्यावे, आणि कावळ्याने शिवावे.

या नियमांवरचा पहिला खेळ मी आरंभापासून शेवटपर्यंत पाहिला. १९८३ मध्ये ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्याने 'रेव्हनलॉफ्ट'साठी निर्मिलेला स्ट्राड हा सरदार आपल्या प्रजेवर किल्ल्यातून अंमल चालवितो. डीएमने त्याच्या जागी भोगावतीकाठच्या एका कल्पित गावातला मृत सावकार आणला, ज्याच्या नैवेद्याला कावळा शिवला नव्हता आणि ज्याची कुळे दर अमावास्येला अधिकाधिक अशक्त होत होती. खेळाडूंनी वाड्यात त्याला गाठले, फाशांनी साथ दिली, धुके माजघरातील खतांच्या पेटीत शिरले. एका मुलाला १८७५ सालच्या उठावाची माहिती होती. पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली होती. त्याच्या पात्राने पेटी पेटविली. सर्वांना वाटले, संपले. डीएम म्हणाला, "खतं जळाली. धुकं हाय तिथंच हाय."

मग कायद्याच्या विद्यार्थिनीने खतावणी वाचावयास मागितली. डीएमने ती खरोखरच तयार करून आणली होती: कुळांची नावे, मुद्दल, व्याज, वसूल. ती रकाने बोटाने तपासू लागली आणि एका ओळीवर थांबली. एका विधवेची रक्कम पूर्ण वसूल झालेली, आणि तरीही तिची जमीन पुढच्याच वर्षी सावकाराच्या नावे चढलेली. तिला पावती दिली नव्हती. त्या उठावानंतर झालेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात, फेडीची लेखी पावती मिळण्याचा हक्क शेतकऱ्याला मुद्दाम का दिला गेला, हे तिने अभ्यासलेले होते. मात्र येथे त्या ज्ञानाला एक मनुष्य मिळाला. सावकाराला येणे वसूल करावयाचे नव्हते. न दिलेली पावती त्याला जाळीत होती. तिच्या पात्राने नैवेद्यासमोर उभे राहून ती पावती त्या बाईच्या मुलांकडे पोहोचविण्याचे आणि जमीन परत नावावर करून देण्याचे वचन दिले.

येथे खेळ थांबला आणि अर्धा तास वाद झाला. मूळ नियमांप्रमाणे समोरच्याचे मन वळविण्याचा प्रयत्न फाशावर ठरतो. मग वचनाचा खरेपणाही फाशावर ठरवावा काय? डीएम प्रथम त्या मताचा होता. पण घाटावर शब्द देणाऱ्या माणसाचे भाग्य कोणी अजमावीत नाही, त्याने दिलेला शब्द पुढे पाळला की नाही एवढेच गाव पाहते, हे त्या अबोल मुलाचे म्हणणे सर्वांना पटले. फासा काढून टाकण्यात आला, आणि त्याच्या बदली असे कलम घातले गेले, की वचन देऊन जो ते मोडील, तो स्वतः मेल्यावर याच पेटीत परत येईल.

वहीतील काही पाने मात्र त्यांनी आडवी रेघ मारून रद्द केली. बाळंतपणात मेलेली स्त्री म्हणून हडळ, अमुक जातीचा मृत म्हणून अमुक भूत, अशी वर्गवारी ए. एम. टी. जॅक्सनच्या टिपणांवरून आर. ई. एन्थोव्हेनने १९१५ मध्ये संपादिलेल्या कोकणातील लोकसमजुतींच्या संग्रहात तपशिलाने सापडते; अभ्यासकाला ती अनमोल आहे. खेळात ती वापरली तर दुर्दैवी स्त्रीला व दुसऱ्या जातीला पुन्हा एकदा राक्षस ठरविल्यासारखे होईल, असे मत पडले, आणि ते मला सर्वस्वी मान्य आहे. स्ट्राडच्या कथेतील भटक्या विस्तानी लोकांचे चित्रण रोमा समाजाविषयीच्या दुष्ट ग्रहांवर बेतलेले असल्यामुळे प्रकाशकांना २०२० साली त्यात दुरुस्ती जाहीर करावी लागली होती. आपल्याकडे तर ही बाब अधिक गंभीर आहे. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. गोविंद पानसऱ्यांवर २०१५ च्या फेब्रुवारीत याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या गावात हे घडले तेथे भुताची गोष्ट सांगणाऱ्याने ती गोष्टच आहे हे क्षणभरही दृष्टिआड होऊ देता कामा नये, असे डीएमने वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे.

एक कलम अद्याप कोरे आहे. ज्या मृताला कोणीच नाही, ज्याचे बेवारस म्हणून दहन झाले, त्याच्या वतीने वचन कोणी द्यावयाचे? पशुवैद्याचे म्हणणे, कोणाही परक्याने द्यावे, मात्र आधी त्याचे नाव शोधून काढावे. डीएमची हरकत अशी, की नावच सापडले नाही तर सारा खेळ अडून बसेल. अकस्मात मृत्यूच्या नोंदीत पोलीस काय काय टिपतात, अंगावरचे कपडे, गोंदण, खिशातील वस्तू, याची माहिती कायद्याची विद्यार्थिनी पुढल्या रविवारी आणणार आहे. त्यावरून मसुदा करण्याचे ठरले आहे.